रविवारचं नाव

ती. अप्पांना नमस्कार.

रजा का मिळत नाही, हे परत विचारू नका. चूक तुमचीच, नाव तुम्हीच ठेवलंत. गल्लीत त्या नावाचे पाचजण, पण अडकलो मीच. या देशात आलो त्या पहिल्याच आठवड्यात, रविवारी सुट्टी असते हे न कळून मी लॉन्ड्रीत एकटाच चादरी धूत बसलो. तेव्हापासून सुट्टीला राबणाऱ्याला सगळे माझंच नाव देतात. काल आलेली पोरंही विचारतात, "या रविवारी तुझ्या नावाचा कोण होणार रे?" आणि माझ्याकडे बघून हसतात. मीही हसतो.

ताईच्या लग्नासाठी रजा मागितली. मुकादम म्हणाला, "नाव तुझं, मग रविवार दुसऱ्याच्या गळ्यात कसा घालू?" पासपोर्ट त्याच्याच कपाटात आहे.

बाकी जेवतो वेळेवर. आईचा गुडघा कसा आहे? ताईला तुम्हीच समजवा.

लग्नासाठी बारा रविवारांचे सहा हजार पाठवतोय.