खळीचा तुकडा

प्रिय चिंगे,

पार्सलात खाली काय आहे ते लगेच उपसायला जाऊ नकोस. आधी हात धू, खुर्चीत बस आणि हे वाच. फोनवर तुझ्याशी बोलायची सोय राहिलेली नाही. एक तर तू दवाखान्यात कुणाचा तरी खांदा फिरवत असतेस, नाही तर फोन स्पीकरवर असतो आणि पलीकडून तुझे होणारे नवरे महाशय माझ्या प्रत्येक वाक्याला हं हं करत असतात. माझं बोलणं हुंकार मिळवण्यासाठी नसतं गं. म्हणून पत्र. तुझं लग्न दोन महिन्यांवर आलंय आणि त्याआधी मला तुला एकच गोष्ट विचारायची आहे. पण ती विचारायच्या आधी पार्टीच्या दिवशीची दुपार सांगते, कारण तू ड्युटीवर होतीस आणि महाशयांनी तुला जे काही सांगितलं असेल त्यातलं ओव्हन आमचा होता एवढंच खरं असणार.

तर महाशय दुपारी जेवणं उरकल्यावर आले. हातात तीन पिशव्या. त्यांच्या ऑफिसातल्या लोकांना तुमच्या लग्नाची बातमी द्यायची, त्यासाठी संध्याकाळी त्यांच्या घरी पार्टी, आणि त्या पार्टीत आपल्या हातचा पुल-अपार्ट ब्रेड खिलवतो असं साहेबांना तोंड वर करून सांगून बसलेले. त्यांच्याकडे ओव्हन नाही. ज्याच्याकडे ओव्हन नाही त्याला बेकिंगचा छंद कसा काय असू शकतो, हा प्रश्न मला पडला, पण मी गिळला. तू सांगितलं होतंस ना, आई, जरा गोड बोल. मी इतकी गोड बोलत होते की बाबांनी शब्दकोड्यातून मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

पिशव्यांतून काय काय निघालं म्हणतेस! वजनकाटा. थर्मामीटर. कुठल्याशा लांबच्या देशातला मैदा, जणू आपल्याकडच्या मैद्याला फुगायचं ठाऊक नाही. फोन उभा करायची घोडी. आणि एक एप्रन, ज्यावर ‘शेफ’ असं लिहिलेलं. माणूस काय आहे हे छातीवर लिहून फिरायची वेळ यावी, यातच सगळं आलं. उजेड चांगला पडतो म्हणून त्यांनी बाबांना टेबलावरून उठवलं. तुझे बाबा त्या खुर्चीवर तू जन्मायच्या आधीपासून बसतात. ते उठले, पेन शोधलं, चष्मा शोधला आणि दुखऱ्या गुडघ्यानं जाऊन खाटेवर बसले. (तू शिकवलेला व्यायाम ते करत नाहीत, नुसते आकडे मोजतात. मी आतून ऐकते, एक, दोन, तीन, आणि पाय मात्र जागचा हलत नाही.)

मग आमची शिकवणी सुरू झाली. पिठाला पाणी किती पाजायचं, यीस्ट म्हणजे जिवंत जीव असतो, त्याला प्रेमानं वागवावं लागतं, लसूण चिरायचा नसतो तर ठेचायचा असतो. मी मान डोलवत होते. आपल्या घरात हा पाव मी किती वर्षं करते हे त्यांना माहीत नसेल असं नाही, तूच सांगितलं असशील. पण आपण त्याला गोळ्यांचा पाव म्हणतो, आणि महाशयांच्या लेखी इंग्रजी नाव नसलेली गोष्ट अजून जन्माला आलेली नसते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. एका हातानं फोनवर आपल्या ब्रेडचं कौतुक, दुसऱ्या हातानं गॅसवरचं दूध उचललं आणि उकळतं दूध सरळ त्या जिवंत जिवाच्या अंगावर ओतलं. थर्मामीटर बाजूलाच पडलेला. प्रेमानं वागवलं म्हणायचं.

मी लगेच सांगितलं, हो, उगाच माझ्या माथी नको. म्हटलं, अहो, दूध फार गरम होतं, यीस्ट मेलं असेल, दुसरं भिजवा. तर हसले. काकू, हे प्रोफेशनल यीस्ट आहे, म्हणाले. बरं बाई, म्हटलं, असेल. पीठ मळून झाकून ठेवलं, आणि पीठ काही केल्या हलेना. मग सुरू झालं. आधी मैदा खराब, मग दुकानदार लबाड, मग हवा थंड, आणि शेवटी काय तर काकू, तुमच्या स्वयंपाकघरात वारा फार येतो. बाबांनी जाऊन त्या गोळ्यात बोट खुपसून पाहिलं आणि बोट चोळत परत आले. तुझ्या भाषेत सांगायचं तर त्या पिठाला फिजिओथेरपीची गरज होती.

आणि मग, चिंगे, महाशय झोपले. खरंच सांगते. काकू, जरा बघता का, म्हणाले, आणि कोचावर आडवे होऊन तोंड उघडं टाकून घोरायला लागले. दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसून बसून मला उघडी तोंडं न्याहाळायची सवय लागलीये. उजवीकडची खालची दाढ किडलीये, सांग त्यांना. फुकटचा सल्ला आहे.

मी बघितलं. काय करणार? संध्याकाळी माणसं येणार होती आणि लाज तुझी जायची होती. आपला साधा मैदा घेतला, आपलं यीस्ट, कोमट दूध. कोमट कसं ओळखायचं तर करंगळीला बरं वाटलं की झालं. पीठ मळताना मला बरं वाटायला लागलं, खोटं कशाला बोलू. ते फुगलं, मी बुक्की मारून बसवलं, लिंबाएवढे गोळे केले. लोणी पातळ करून त्यात लसूण, लाल तिखट, मिरे, बारीक चिरलेली हिरवी मिरची. एकेक गोळा त्यात बुडवायचा आणि डब्यात रचायचा, मध्ये मध्ये चीज किसून. बाबा आपण होऊन चीज किसायला बसले आणि निम्मं खाल्लं. डबा अर्थातच आपला जुनाच. ज्याला तू जिन्यावरून गडगडत सोडलं होतंस, चाक चाक करत, आणि तो खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या दारावर जाऊन आपटला होता. बाबांनी हातोडीनं पोचा काढायला घेतला आणि होता त्याच्या दुप्पट केला. तेव्हापासून आपल्या पावाच्या गालावर खळी पडते. आणि खळीचा तुकडा चिंगीचा. तिथलं लोणी जास्त मुरतं, कडा कुरकुरीत होते, आणि डब्याला पोचा मीच पाडला म्हणून तो माझाच, असा तुझा न्याय. बाबांनी किती वेळा मागून पाहिलाय. तू एकदाही दिला नाहीस. दहावीच्या परीक्षेत तापानं फणफणली होतीस, अन्नाचं नाव काढलं की तोंड फिरवायचीस, तेव्हाही तो उशाशी ठेवायला लावलास.

वास सुटल्यावर महाशय उठले. पाव ताटात उलटा केला तर छान तांबूस, गोळान् गोळा वेगळा. आधी फोटो. मग एप्रन बांधला, मग एप्रनसकट फोटो. कोथिंबीर मात्र त्यांनी स्वतः भुरभुरली. श्रेय द्यावं तर पूर्ण द्यावं. मग त्यांची नजर खळीवर गेली आणि तोंड वाकडं झालं. काकू, हा डबा फेकून का देत नाही, शेपच बिघडवतो, म्हणाले. भांडीही मीच घासली. त्यांच्या न फुगलेल्या पिठाचा दगड त्यांनी जाताना आमच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकला, पिशवी फाटली.

संध्याकाळी आम्ही गेलो ते तू पाहिलंसच. पण तू उशिरा आलीस, आधीचं ऐक. त्यांच्या पांढऱ्या कोचांवर कुणी टेकायला धजत नव्हतं. मधल्या टेबलावर पाव, आणि साहेब एकामागून एक गोळे तोंडात टाकत होते, तिखटानं नाक पुसत होते, वा वा करत होते. महाशय शेजारी उभे राहून सांगत होते की पीठ मळणं ही एक तपश्चर्या आहे, हाताला ते आतून कळावं लागतं. कोचावर घोरताना हाताला काय कळत होतं देव जाणे. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, या आमच्या होणाऱ्या सासूबाई, यांनी ओव्हन दिला. ओव्हन दिला! बाबांनी तोंड उघडलं तसा मी त्यांचा कोपर धरला. म्हटलं, थांबा, चिंगी येऊ दे. मला खात्री होती गं. तू येशील, पाव बघशील आणि खो खो हसत म्हणशील, अरे, ही तर आईची खळी! सगळे हसतील, महाशयही कान धरून हसतील आणि विषय संपेल. चार माणसांत उघडं पडून हसता आलं असतं ना, तर मी त्यांना माणसांत धरलं असतं. एप्रनसुद्धा माफ केला असता.

तू आलीस. खांद्यावर दवाखान्याची बॅग तशीच. भूक लागली होती तुला, मला लांबूनच कळलं. टेबलाकडे पाहिलंस आणि हात सरळ खळीकडे गेला. चेहरा काय खुलला होता तुझा! तेवढ्यात महाशयांनी तुझ्या खांद्यावर हात टाकला आणि साहेबांना म्हणाले, हिलाच विचारा, सकाळपासून राबतोय. तू त्यांच्याकडे पाहिलंस. मग माझ्याकडे पाहिलंस. आणि मग, चिंगे, तू ताट फिरवलंस. हळूच, कुणाला कळणार नाही असं, खळी भिंतीकडे केलीस. समोरचा भलताच तुकडा तोडलास आणि मस्त झालाय म्हणालीस. त्यांना म्हणालीस.

महाशयांचा मला राग आलेला नाही. राग यायला समोरचा माणूस जरा वजनाचा लागतो. खोटं बोलणारे मी रोज बघते, तोंडात एक धड दात नाही आणि दोन वेळा घासतो म्हणून सांगतात. मी हसून फॉर्म पुढे करते. पण तुझा तो हात पाहून मी त्यांच्या बाथरूममध्ये गेले आणि तिथल्या वासाच्या मेणबत्त्यांसमोर उभी राहून रडले. भोकाड पसरून नाही, पण रडले. तू लहानपणी आरसा फोडलास तरी धावत येऊन सांगायचीस, मीच फोडला, मीच फोडला. तीच तू, स्वतःच्या तोंडचा घास दुसऱ्याच्या खोट्यासाठी भिंतीकडे तोंड करून ठेवतेस? आज पाव आहे. उद्या तुझा पगार असेल, तुझं काम असेल, तुझं म्हणणं असेल. माणसं येतील आणि तू ताट फिरवत बसशील. रात्री घरी आलो. दार उघडताना बाबा एवढंच म्हणाले, तिनं खाल्ला नाही गं तो तुकडा.

तरीही मी हे लिहिलं नसतं. थकून आली होतीस, गोंधळली असशील, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. पण काल कुरियरवाला आला. तू पाठवलेला नवा डबा मिळाला. गोल, चकचकीत, कुठे पोचा नाही. आणि मागोमाग फोनवर तुझा निरोप, की आई, पुढच्या रविवारी साहेबांकडे जेवायला जायचंय, ह्यानं पुन्हा ब्रेड आणायचं कबूल केलंय, या डब्यात कर म्हणजे प्रश्न नाही, जुना टाकून दे. पार्सलात खाली आहे तो तोच डबा. परत पाठवतेय. रविवारी पाव करणार आहे, पण आपल्या घरी, आपल्या डब्यात. ये, आणि महाशयांनाही आण. खळी तुझ्यासमोर येईल असंच ताट ठेवीन. तो तुकडा तोडायच्या आधी त्यांच्या तोंडाकडे बघून मोठ्यानं म्हण, हा पाव माझ्या आईनं केलाय. मला तुला विचारायचं होतं ते एवढंच, तुला हे म्हणता येईल ना? आलं, तर तुझ्या लग्नात सगळ्या मांडवाला पुरेल एवढं पीठ मी एकटी मळीन आणि जावयाची कोथिंबीरही गोड मानून घेईन. नाही आलं, तर लग्न कर किंवा नको करू, पण माझ्याकडे पुन्हा डबा पाठवू नकोस. तो तुकडा मग ताटात तसाच राहील. बाबा इतकी वर्षं त्यावर डोळा ठेवून होते म्हणून मी त्यांना विचारलं, तुम्ही घ्याल का. नको म्हणाले.

वाट बघणारी,
तुझीच
आई