भलतंच प्रथिन

ती. आत्यास,

वाकून नमस्कार (प्रयोगशाळेत सरांपुढे मान कायम खालीच असते, वेगळं वाकावं लागलं नाही). तुझा गुडघा कसा आहे? अजूनही वाकत नसेल तर तो आमच्या सरांच्या वळणावर गेला आहे, आग्रह करू नकोस.

पोस्टडॉक म्हणजे नक्की काय, असं तू फोनवर विचारलंस. लग्न ठरलंय पण तारीख निघत नाही, अशा माणसाची जी अवस्था, ती. शिक्षण संपलेलं, नोकरी न लागलेली. पेशीत निरोप्याचं काम करणारं एक प्रथिन असतं, ते दिसतं कसं हे मला शोधायचंय. त्यासाठी आम्ही ते जिवाणूंकडून बनवून घेतो, गाळून-धुऊन स्वच्छ करतो आणि त्याचे स्फटिक होण्याची वाट पाहतो (स्फटिकाशिवाय त्याचं चित्र निघत नाही). पहिल्या वर्षी झाले नाहीत, दुसऱ्याही. भर उन्हाळ्यात मी थंड खोलीत स्वेटर घालून थेंबांकडे बघत बसले. आणि गेल्या महिन्यात झाले! सुईसारखे, लखलखीत. मी रडले (आनंदाने, त्या खोलीत इतर कारणांनीही रडतात). सरांनी सगळ्यांना बोलावून ‘आपलं प्रथिन’ दाखवलं. तोवर ते ‘तुझं’ होतं. तू तर तुझ्या शिकवणीच्या क्लासमधल्या मुलांपुढे माझं उदाहरणही देऊन टाकलंस.

मग क्ष-किरणांनी त्याचं चित्र काढलं. ते आमचं प्रथिन नव्हतंच. त्या जिवाणूचंच एक घरगुती प्रथिन गाळणीतून चिकटून आलं आणि संधी साधून तेच स्फटिक होऊन बसलं. पाहुण्याला आणायला स्टेशनवर जावं, भलत्यालाच घरी आणून जेवू घालावं आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखवावं, तसं झालं. त्याचं चित्र मी शाळेत असतानाच कुणीतरी छापलंय. सर पडद्याकडे पाहत शांतपणे म्हणाले, “तुझं प्रथिन तू नीट धुतलं नाहीस.”

पुन्हा ‘तुझं’. माझी मुदत या महिन्याअखेर संपते, आणि ती वाढवणं सरांच्या हातात आहे.

तुझी,
महिन्याअखेरपर्यंत शास्त्रज्ञ असलेली भाची

ता. क. तुझ्या क्लासमधले विज्ञानाचे सर सोडून गेले, असं आई म्हणाली. जागा भरलीस का? नववीला पेशी शिकवायला मी येईन. तिथे चित्र पुस्तकात आयतं असतं, केवढी सोय.

ता. ता. क. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात सर आले. ते परकं प्रथिन आपल्या प्रथिनाला चिकटलं, म्हणजे दोघांचं काहीतरी नातं असणार, असं त्यांना सुचलंय. त्यावर मुदत वर्षभर वाढवून घेणार आहेत. (नातंबितं काही नाही, धुणं कमी पडलं. हे मला ठाऊक आहे आणि त्यांनाही.) मी हो म्हणाले. तेव्हा वरचा ता. क. वाचलाच नाहीस असं समज.

जागा मात्र कुणाला देऊ नकोस.