पडद्याआड बोललेलं

४ ऑगस्ट, मंगळवार

ह्यांनी आज पोराच्या खोलीची कडी काढली. बाथरूमचीही. नळाचं काम निघाल्यासारखे सकाळपासून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसले होते. जामिनावर सुटून आलाय, एकटं सोडू नका, दार आतून लावू देऊ नका — डॉक्टरांनी बजावलंय. चिरंजीव कॉटवर बसून बघत होते.

वकीलबाई म्हणाल्यात, केसबद्दल कुठे काही लिहून ठेवायचं नाही. म्हणूनच लिहितेय! बोलू कुणाशी? शिलाई मशीनशी?

६ ऑगस्ट, गुरुवार

दुकान उघडलं. दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. मग बँकेतल्या मॅडम आल्या, ड्रेसच्या फिटिंगला. ट्रायल रूममध्ये गेल्या आणि बराच वेळ बाहेर येईनात. पडद्याच्या फटीतून सावली दिसत होती — आरशाच्या मागे हात घालून बघतायत, खुंटी चाचपतायत, बल्बकडे मान वर करून बघतायत. मग ड्रेस हातात घेऊन तशाच बाहेर. "घरीच घालून बघते हो." माझ्याकडे न बघता पैसे ठेवले आणि गेल्या.

मॅडमना काय बोलू? त्यांच्या जागी मीही आरसा उलटा करून पाहिला असता.

माझ्या मास्तरांनी कात्री हातात द्यायच्या आधी दोन गोष्टी शिकवल्या होत्या. माप मोठ्यानं म्हणायचं नाही. आणि पडद्याआड ऐकलेलं पडद्याबाहेर आणायचं नाही. बायका कपडे उतरवताना मनातलंही उतरवतात. कुणाच्या पाठीवर वळ, कुणाला तिसरा महिना, कुणाच्या छातीत गाठ. सगळं ऐकलं आणि पोटात ठेवलं. आणि अशा बाईच्या पोटी हे रत्न!

७ ऑगस्ट

एकदा सरळ लिहून टाकते, नाहीतर डोक्यात नुसता गुंता.

आमचे चिरंजीव आणि प्रोफेसर कॉलेजच्या होस्टेलवर एका खोलीत राहायचे. प्रोफेसर हे नाव आमच्याच दिवट्यानं ठेवलेलं, तो सतत पुस्तकात तोंड खुपसून असायचा म्हणून. एका गावची मुलं, परक्या शहरात एकमेकांना सोबत होईल — हे ठरवलं मी आणि सिस्टरनी. सिस्टर म्हणजे प्रोफेसरची आई. इथल्या हॉस्पिटलात नर्स आहेत. त्यांचे युनिफॉर्म मीच शिवते.

प्रोफेसरकडे एक मित्र यायचा. आमच्या पोरानं मोबाइल पुस्तकांच्या फळीवर लपवला, कॅमेरा चालू ठेवला आणि बाहेर निघून गेला. त्यात दिसतं काय? दोन मुलं हात धरून बसलीत. प्रोफेसर रडतोय, तो त्याचे डोळे पुसतोय, मग जवळ घेतोय. एवढंच. हे वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. गंमत म्हणून! तासाभरात काढलंही. पण तेवढ्यात अख्खा वर्ग पाहून, हसून मोकळा झाला होता. त्या हसणाऱ्यांतला एकही आज कोर्टात उभा नाही.

तिसऱ्या दिवशी प्रोफेसरनं जीव दिला.

हे वाक्य लिहायच्या आधी उठून पाणी पिऊन आले.

१२ ऑगस्ट, बुधवार

वकीलबाईंकडे गेलो. होस्टेलच्या रेक्टरांचा जबाब वाचून दाखवला त्यांनी. प्रोफेसर खोली बदलून मागायला गेला होता म्हणे. रेक्टर म्हणतात, तक्रार तोंडी होती, लेखी अर्ज दिला असता तर कारवाई केली असती. ऐकलंत? पोरानं मरायच्या आधी नीट अर्ज करायला हवा होता!

मग वकीलबाई माझ्याकडे वळल्या. "ताई, चोरून शूटिंग केलं, पाठवलं, हे मोबाइलच सांगतोय. ते नाकारता येणार नाही. त्याची शिक्षा झाली तरी सोसता येईल. पण त्याला मरायला ह्यानं भाग पाडलं, हे दुसरं कलम. त्यात पोराची उमेदीची वर्षं आत जातील. मला दाखवायचंय की कारण दुसरंही असू शकतं. मुलाला आधीपासून काही होतं का? आजार, औषधं? तुम्ही त्याच्या आईचे कपडे शिवता. कधी काही बोलल्या असतील."

"नाही," मी म्हणाले.

खोटं बोलले. मागच्या वर्षी, हात वर करून उभ्या असताना, सिस्टर एकदम म्हणाल्या होत्या, "माझा मुलगा झोपत नाही हो. स्वतःला काही करून घेईल की काय, भीती वाटते. औषधं सुरू केलीत. त्याच्या वडलांनाही सांगितलेलं नाही." मी छातीचं माप घेत होते. टेप तशीच धरून म्हटलं, हे इथंच राहील. राहिलंही. ह्यांना सांगितलं नाही, पोराला तर नाहीच.

१३ ऑगस्ट

इकडे आड, तिकडे विहीर. आणि मधे मी, टेप गळ्यात अडकवून.

१८ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी मान वर केली तर दारात सिस्टर!

वकीलबाईंनी दहादा बजावलंय — त्या बाजूच्या कुणाशी बोलायचं नाही, आणि माफी तर मागायचीच नाही, तो कबुलीजबाब धरतात.

"युनिफॉर्म तयार आहेत ना? एक तारखेपासून कामावर जायचंय."

तयार होऊन कधीचे टांगलेले होते. त्या आत गेल्या. पडदा ओढला. आरसा पाहिला नाही, खुंटी चाचपली नाही. जराशानं हाक आली, "इकडे येता का?"

युनिफॉर्म अंगावर नुसता लोंबत होता. माझी मूठ जाईल एवढा ढगळ. मी तोंडात टाचण्या धरल्या आणि बाजूनं घेत गेले. त्या आरशाकडे बघत बोलत होत्या. "तुमच्या मुलाला मी कधी माफ करणार नाही. हे तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं. गावभर लोक माझ्या मुलाबद्दल वाट्टेल ते बोलतायत. पण मी तुमच्याजवळ बोललेलं तेवढं कुठून ऐकू आलं नाही. म्हणून आले. नाहीतर शिंपी काय, दुसराही मिळाला असता."

मग म्हणाल्या, "शेवटचे तीन दिवस तो तुमच्या मुलाबरोबर त्याच खोलीत होता. काय बोलला असेल हो? एवढं विचाराल त्याला?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. बरं झालं. मान हलवली की नाही, तेही आठवत नाही. त्या गेल्यावर टाचण्या काढल्या आणि पडदा ओढून आत बसून रडले.

१९ ऑगस्ट

पोराला विचारलं. "प्रोफेसर शेवटी काही बोलला का रे?"

"वकीलबाईंनी सांगितलंय, कुणाशी बोलायचं नाही."

"मी कुणीतरी आहे?"

भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणतो, "आई, मी आंघोळीला जातो तेव्हा बाबांना दारात खुर्ची टाकून बसू नका म्हणावं. सारखं कुणीतरी बघतंय असं वाटतं."

वाटतं ना? बरं वाटतं का? — हे ओठांवर आलं होतं. गिळलं. दुकानातला जुना पडदा आणला, बाथरूमच्या दारात आतून लावून दिला. दार आहे, त्याला कडी नाही, आणि आत पडदा! घराचं असं झालंय.

२२ ऑगस्ट, शनिवार

ह्यांच्याजवळ बोलून गेले — मला एक गोष्ट माहीत आहे, तिनं केस फिरेल, पण सांगता येत नाही. हे ताटावरून उठले.

"तू आई कुणाची आहेस?"

एवढंच. त्यानंतर अबोला.

२५ ऑगस्ट, मंगळवार

कोर्टाची तारीख. व्हरांड्यात मरणाची गर्दी. एक हवालदार आला आणि वाट करायला म्हणून पोराच्या दंडाला धरून त्याला बाजूला केलं. काहीच विशेष नाही, मलाही तसंच सरकवलं. पण पोराचा चेहरा! शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी हात धरून आत नेलं, तेव्हाचा चेहरा होता तो. तसाच मागे वळून मला शोधत होता.

जिना उतरायच्या आत मी वकीलबाईंना सगळं सांगितलं. झोप, औषधं, भीती. कुठे बोलल्या, केव्हा बोलल्या.

२६ ऑगस्ट

वकीलबाई फोनवर नुसत्या फुलल्या होत्या. "ताई, हे आधी का नाही सांगितलंत? डॉक्टरांचे कागद मागवायचा अर्ज देते. मुलगा आधीपासून आजारी होता आणि आपल्या मुलाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, इथेच कलम सैल पडतं. माहीत असून केलं असतं तर मात्र मला वाचवता आलं नसतं. आणि घाबरू नका, तुमचं नाव कुठे येणार नाही."

नाव येणार नाही! सिस्टरना नाव वाचायला लागेल होय?

पोरानं चोरून घेतलं ते बाहेर टाकलं. मला विश्वासानं दिलं होतं, ते मी टाकलं. कोर्टानं मला विचारलं नाही, म्हणून मी घरी आहे.

हे माझ्याशी बोलायला लागले. चहासुद्धा करून दिला.

२९ ऑगस्ट

सिस्टरचे युनिफॉर्म नेऊन द्यायला कुणी मिळेना. माझी हिंमत नाही. टांगलेत तसेच.

३१ ऑगस्ट, सोमवार

वकीलबाईंच्या ऑफिसात. त्यांनी पोराला विचारलं, अगदी सहज, लिहिता लिहिता — "तो आजारी होता, औषधं घेत होता, हे तुला माहीत नव्हतं. बरोबर?"

"माहीत होतं."

हे म्हणाले, "नीट ऐक, काय विचारतायत ते!"

"ऐकलं. पहिल्याच आठवड्यात त्यानं गोळ्या दाखवल्या होत्या. म्हणाला, फक्त तुला सांगतोय." मग माझ्याकडे वळला. "आई, तू विचारत होतीस ना? ते तीन दिवस तो एकच म्हणत होता — तुला तरी माहीत होतं ना रे? मी हेडफोन घालून बसायचो. कोर्टात विचारलं तर मी हेच सांगणार."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. डॉक्टरांचे कागद मागवायचा अर्ज सकाळीच कोर्टात दाखल झाला होता.