चार भाषांत एकच मुडदा

तीर्थस्वरूप आक्काच्या पायाशी, चार भाषांत मरून पुन्हा घरी जेवायला आलेल्या धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस, आणि भाऊजींनी सुचवलेलं तेल तर मुळीच लावू नकोस (मागे त्यांच्याच तेलाने माझी पाठ आठवडाभर सोलवटलेली होती). भाऊजींना नमस्कार सांग, फक्त तेलाचा विषय काढू नकोस. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. सगळे म्हणजे मला धरून, हे मुद्दाम लिहितो, कारण परवाच्या पेपरात तू माझा फोटो पाहिला असशील आणि खाली मी गेल्याचंही वाचलं असशील. आक्का, मी गेलेलो नाही. रडली असशील तर डोळे पूस आणि पत्र शेवटपर्यंत वाच, कारण तुझ्या भावाचं नशीब उघडलंय. फोनच करणार होतो, पण शुक्रवारपर्यंत मला फोनवर बोलायची बंदी आहे. का, ते सांगतो.

ऑफिस सांभाळून मी इतकी वर्षं सिनेमात बारीकसारीक कामं करतो, हे तुला ठाऊक आहेच. पाठमोरा हवालदार, कोर्टातली गर्दी, बसमध्ये झोपलेला प्रवासी (ते काम सगळ्यांना आवडलं होतं, पण त्या दिवशी मी खरंच झोपलो होतो). मात्र एक वाक्य कधी वाट्याला आलं नाही. एकदा ‘हो साहेब’ मिळालं, तर त्याच वेळी नायकाने दार आपटलं आणि माझं ‘हो’ही गेलं नि ‘साहेब’ही गेले. माझं मागणं काही फार नाही गं. अंधारात बसलेल्या लोकांनी माझ्या तोंडून एक अख्खं वाक्य ऐकावं, एवढंच. लोक मला बघतात, पण ऐकलं अजून कुणीच नाही.

तर झालं असं, की एका निर्मात्याने एकच सिनेमा एकदम चार भाषांत काढायला घेतला. गोष्ट एक, सेटवरचं घर एक, पण भाषा बदलली की नायक, दिग्दर्शक, कॅमेरावाले सगळे बदलतात. एक वऱ्हाड उठलं की दुसरं येऊन बसतं. चारही सिनेमांत सामाईक काय, तर फर्निचर आणि मी. नायकाचा मेलेला बाप! मेलेल्या माणसाला कुठलीच भाषा येत नाही, मग चार मुडदे कशाला पोसायचे, असा निर्मात्याचा रोकडा हिशेब. मला निवडलं ते श्वास रोखून पडता येतं म्हणून. लहानपणी शाळा चुकवायला मी आजारी पडायचो ना, तो सराव असा कामी आला बघ.

आणि काय सांगू आक्का, एकाच पलंगावर पडल्या पडल्या मी चार दुनिया पाहिल्या. पहिल्या भाषेतले लोक सकाळपासून तयार, पण नायक दुपार कलल्यावर उगवतो. तोवर लेखक माझ्याच पायाशी बसून संवाद लिहितो (पॅडला टेकू म्हणून माझी नडगी). कागद वाळायच्या आत नायक रडून मोकळा होऊन गाडीत बसलेलाही असतो. घाई करायचं कारण नाही, सिनेमा त्याच्या तोंडाकडे बघून आधीच विकला गेलाय, मुलखामुलखाचे वितरक पैसे देऊन बसलेत. दुसऱ्या भाषेत नेमका उलटा प्रकार. तिथे प्रत्येक शॉटचं चित्र काढून भिंतीला लावलेलं. माशी कुठे बसणार तेही त्यात होतं. माशी आयत्या वेळी आली नाही, तर तिच्यासाठी आम्ही थांबलो. तिसऱ्या भाषेतल्या नायकाचे चाहते फार कडक. आपला माणूस रडला तर ते थिएटरच्या खुर्च्या उखडतील, म्हणून त्याने रडायचं नाही, एका हाताने बापाला उचलून चालायचं. वरून तारा बांधल्या होत्या, पण त्या अवजड माणसासाठी नव्हत्या. मधल्या मधे मी गोल फिरलो, तर नाचाच्या मास्तरांना ते इतकं आवडलं की तिथे गाणंच घातलं. चौथ्या भाषेत माणसंच मोजकी, दिग्दर्शक स्वतः दिवा धरून उभा. त्याने कॅमेरा माझ्या चेहऱ्यावर लावला आणि बहुतेक चहाला गेला. परत येऊन मला विचारलं, की मरताना तुमच्या मनात काय होतं. एवढ्या वर्षांत मला हे विचारणारा हा पहिला माणूस. मी गांगरलो आणि खरं ते सांगितलं, की पाठीला खाज येत होती. त्याने माझा हात हातात घेतला. त्यांचा सिनेमा आधी परगावच्या महोत्सवांत जाणार, तिथे बक्षीस मिळालं तर मग थिएटरला.

मग आली जाहिरात. ह्या खात्याचा मुख्य एक गृहस्थ आहे, त्याला सगळे भोंगा म्हणतात. त्याने चारही ठिकाणच्या वितरकांना एका टेबलाशी बसवलं, तर पोस्टरवरून त्यांची जुंपली. पहिल्याला नायकाचं तोंड एवढं मोठं हवं, की माझा फक्त अंगठा दिसावा. दुसऱ्याला नुसता मी हवा. तिसऱ्याला मी हवेत हवा. चौथ्याला रिकामा पलंग हवा. शेवटी भोंगा म्हणाला, पोस्टर राहू द्या, पेपरात जाहिरात देऊ. माझा फोटो, सिनेमाचं नाव नाही, खाली दोनच ओळी: हे गेले. का गेले, ते शुक्रवारी कळेल.

झालं, गावभर बोंब. आणि करारात मी सही केली होती, की सिनेमा लागेपर्यंत जिवंत दिसायचं नाही (बारीक अक्षरात होतं, आणि चष्मा मी मुडद्याचे कपडे घालताना काढून ठेवला होता). आता मी मागच्या खोलीत कपाट आणि शिलाई मशीन यांच्या मधे बसलोय आणि पुढच्या खोलीत लोक भेटायला येताहेत. ऑफिसात दोन मिनिटं शांतता पाळली म्हणे. ज्या साहेबांनी शूटिंगसाठी माझी रजा नाकारली होती, ते म्हणाले, माणूस रजा घ्यायचाच नाही. माझी खिडकीजवळची खुर्ची त्याच दिवशी एकाने पटकावली. शेजारचे निवृत्त मास्तर माझ्याविषयी इतकं चांगलं बोलले, की मला बाहेर येऊन आभार मानावेसे वाटत होते. तुझ्या भावजयीने मला बाहेरून कडी लावली होती म्हणून वाचलो.

पण मी मजेत आहे, आक्का. मजेत कसला, हवेत आहे. कारण भोंग्याने शब्द दिलाय. शुक्रवारपर्यंत तोंड दाखवलं नाही, तर सिनेमाच्या दुसऱ्या भागात मला वाक्य. म्हणजे मी विचारलं तेव्हा तो ‘बघू’ म्हणाला, पण भोंग्याचं ‘बघू’ म्हणजे पक्कंच समजतात. मी आत्तापासून गरम पाण्याच्या गुळण्या सुरू केल्यात. हळूच, कारण पुढे माणसं बसलेली असतात.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि ज्यांनी माझ्यासाठी खरंच अश्रू ढाळले त्यांची नावं कळव.

तुझा,
जिवंत धाकटा

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. इथे आता राहवत नाही, दर शिंकेला जीव मुठीत. म्हणून हे पत्र आजच एसटीच्या कंडक्टरबरोबर धाडतोय आणि उद्या मफलर गुंडाळून मीही तुझ्याकडे येतो. कुणी विचारलं तर भाऊजींचे लांबचे भाऊ म्हणून सांग, बोलता येत नाही म्हणून सांग.

ता. क. दुसरा. तुमच्या थिएटरला सिनेमाला फक्त दुपारचा खेळ मिळालाय. पहिले तीन दिवस खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर सोमवारी उतरवतील आणि माझं वाक्यही उतरेल. तेव्हा सगळ्या गोतावळ्याला घेऊन जा. भाऊजींना झोपायचं असेल तरी चालेल, खुर्ची भरलेली दिसते.

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. आणखी चार ओळी माझ्या.

ह्यांना ठाऊक नाही, दुपारी ते आत झोपलेले असतात, पण परवा तो भोंगा घरी आला होता. मी त्याला दारातच धरला. नवऱ्याच्या नावाने बातमी छापता ती छापता, आणि फोटो नेमका विरलेल्या कॉलरचा? लोक म्हणतील बायकोने धड शर्ट दिला नाही. असं बरंच बोलले, जिना उतरेपर्यंत बोलले. तर तो जिन्यातच बसला आणि म्हणाला, बाई, पहिल्यापासून पुन्हा बोला, आणि मोबाइल पुढे धरला. काल दुपारी सिनेमावाले तिघे येऊन गेले. पहिल्या भागात त्या मेलेल्या माणसाची बायको दाखवायची राहूनच गेली, ती दुसऱ्या भागात येणार, आणि ती मी. दुसरा भाग वितरकांनी आधीच घेऊन ठेवलाय, पहिला चालो न चालो, त्यामुळे तुम्ही गुडघा घेऊन दुपारच्या खेळाला जायची काही गरज नाही. शूटिंग सोमवारपासून आहे. तेव्हा ह्यांना शुक्रवारी लगेच पाठवू नका, पंधरा दिवस ठेवून घ्या.

दुसऱ्या भागात ह्यांना काम नाही, वन्सं. नुसता भिंतीवरचा फोटो आहे, आणि तो सिनेमावाल्यांकडे आहेच. मी त्या फोटोशी भांडते, असा प्रसंग आहे. चांगली तीन पानं आहेत. वाचून दाखवली तेव्हा मला कसंसंच झालं. मी म्हटलं, काम करीन, पण शेवटी फोटोने मला एक वाक्य उलट बोललं पाहिजे, आणि ते ह्यांच्याच आवाजात. ते म्हणाले, फोटो बोलला तर लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत.

कबूल झालेत. वाक्य कुठलं ते आम्हीच कळवायचंय. तेवढं तुम्ही गप्पांच्या ओघात ह्यांना विचारून ठेवा. मी विचारलं, तर ‘तूच ठरव’ म्हणतील.