उतारावर उतरणे

३ नोव्हेंबर
ह्यांनी दोन सायकली आणल्या. निळी त्यांची, लाल माझी. लग्नाला अडतीस वर्षं होतायत, म्हणून. वर तेच जुनं वाक्य: तू कॉलेजला रोज सायकलने जायचीस हे ऐकलं आणि मी तिथल्या तिथे लग्न ठरवलं. माझ्या निरोप समारंभातही माइकवरून हेच सांगितलं होतं. टाळ्या पडल्या.
नोंद असावी म्हणून लिहिते. मी खोटं बोललेले नाही. मी सायकलनेच जायचे. चालवायची मावसबहीण, मी मागे कॅरिअरवर. चालवतं कोण, हे ह्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.
सहल चोवीस तारखेला. डोंगरातल्या रस्त्याने तळ्यापर्यंत आणि परत. अठ्ठावीस किलोमीटर. हातात तीन आठवडे आहेत. सत्तेचाळीस शिक्षकांची शाळा जिने एकोणीस वर्षं चालवली, तिला दोन चाकं जड नाहीत.

५ नोव्हेंबर, सकाळी
शाळेतल्या पीटीच्या बाईंना विश्वासात घेतलं. ह्यांना सांगितलं, फिरायला जाते. तेही खरंच आहे. मैदानात गोल गोल फिरतेच. चारदा पडले. पीटीच्या बाई ओरडून म्हणाल्या, बाई, हँडलचा गळा आवळू नका, ते काय पळून जातंय? त्यांना आवाज कमी ठेवण्याची सूचना दिली.

१४ नोव्हेंबर
येते! सलग अकरा फेऱ्या. थांबायचं झालं की मी हळू होते आणि पीटीच्या बाई मला धरतात. आता फक्त उतरणं राहिलं. ते उद्या.

१५ नोव्हेंबर
पीटीच्या बाईंच्या बहिणीचं ऑपरेशन. त्या तिकडे गेल्या, महिनाअखेरीस येतील. हरकत नाही. उतरणं म्हणजे काही वेगळी विद्या नव्हे. चढलेला माणूस कधी ना कधी उतरतोच.

२३ नोव्हेंबर
भिंत पकडून थांबण्याची स्वतःची पद्धत बसवली आहे. उत्तम चालते. रस्त्यात भिंती असतीलच.
ह्यांनी माझी सीट दोन बोटं वर केली. सराईतांची तशीच असते म्हणे. लेकीचा फोन आला. म्हणाली, आई, बाबांना जरा सांभाळून घे हं, एकटीच पुढे पळू नकोस. बरं म्हटलं.
खरं सांगून टाकावं असं संध्याकाळी वाटलं होतं. पण हे शीळ घालत टायरमध्ये हवा भरत होते. सत्यालासुद्धा वेळकाळ असतो.

२४ नोव्हेंबर, सकाळी ८.४०
वेळेवर निघालो. ह्यांना पुढे घातलं. मागून लक्ष ठेवता येतं. पहिल्या चढावर माझी सायकल आपोआप थांबली आणि पाय टेकले. म्हणजे चढावर उतरता येतं. विनाकारण घाबरले होते. बाकीचा चढ चालत. काय झालं, विचारलं ह्यांनी. निसर्ग बघतेय म्हटलं. मग तेही उतरले आणि निसर्ग बघू लागले. शर्ट पाठीला चिकटला होता त्यांचा.

९.२५
माथ्यावर आहोत. समोर पाटी: तीव्र उतार, तीन किलोमीटर.
चढावर उतरता येतं. उतारावर उतरता येत नाही. तीस वर्षं भाषा शिकवली, पण हे कधी ध्यानात आलं नव्हतं.
मागे वळून पाहिलं. मागेही उतारच.
डबा आत्ताच खाऊ म्हटलं. साडेनऊला? म्हणाले. शिस्त, म्हटलं.

९.५५
डबा संपला. हळू खाल्ला तरी संपला. काय लिहितेयस, विचारतायत. निरीक्षणं, म्हटलं.
आता सांगणारच होते. शब्दही जुळवले होते. तेवढ्यात हे दगडावर बसून म्हणाले, अडतीस वर्षं एक चित्र डोळ्यांपुढे आहे, तू उतारावरून येतेयस आणि केस उडतायत. आहेत तेवढे उडवीन, म्हटलं.
योजना: तळाशी चहाचं दुकान आहे. दुकान म्हटलं की भिंत आलीच.

दुपारी १.३०, दवाखान्यातल्या बाकावर
चहाच्या दुकानाला भिंत नव्हती. चार बांबू होते. हे आधी पोचून दारात उभे. त्यांनी हात केला. मी हँडल सोडू शकत नव्हते, म्हणून मान हलवली आणि पुढे गेले. चहावाली म्हणे ह्यांना विचारती झाली, अहो काका, तुमच्या मंडळी निघाल्या कुठे? हे म्हणाले, तिला मध्येच थांबायची सवय नाही.
ब्रेक दाबला. सायकल थांबली. मी थांबले नाही. गवताची गंजी होती, तिच्यात गेले.
हे धापा टाकत आले. पलीकडे शेळ्या चरत होत्या. त्यांनी शेळ्या पाहिल्या, मला पाहिलं आणि डोळ्यांत पाणी आणलं. मुक्या जिवांसाठी स्वतःला झोकून दिलंस! शेळ्यांचा मालक सांगत होता, अहो, शेळ्या सकाळपासून तिथेच आहेत, रस्त्यावर आल्याच नाहीत. त्याचं कोण ऐकतो.
डावं मनगट. प्लास्टर.

२५ नोव्हेंबर
दुपारी ह्यांना समोर बसवून सगळं सांगितलं. कॅरिअर, मैदान, पीटीच्या बाई. क्रमवार, मुद्देसूद. हे चहा ढवळत ऐकत होते. मग हसू लागले. म्हणाले, धसका घेतलास ना? परत सायकल नको म्हणून गोष्ट रचतेस? अगं, तुला साधं खोटं बोलता येत नाही, कशाला उगीच तोंडावर पडतेस. लेकीला फोन करून सांगितलं. आई आणि खोटं, म्हणून तीही हसत सुटली.
मग मीच मावसबहिणीला फोन लावून ह्यांच्या कानाला दिला. म्हटलं, हिलाच विचारा. ती ठणकावून म्हणाली, भावोजी, हीच चालवायची, मी मागे बसायचे. फोन माझ्याकडे आल्यावर हळूच विचारते, बरोबर बोलले ना? तुझ्या लग्नाआधी पाठ करून घेतलं होतंस, तसंच्या तसं.
अडतीस वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे नाही. शिकवण्याची हातोटी मला पहिल्यापासूनच होती.

१२ डिसेंबर
ह्यांनी एका सायकल क्लबात आमची नावं घातली. चार दिवसांची सहल, प्लास्टर निघाल्यावर लगेच. माझ्या नावापुढे लिहिलंय: अनुभवी. नकाशा पसरून दाखवला. पहिल्या दिवशी बत्तीस किलोमीटर, सगळा उतार. तुझ्यासाठी मुद्दाम शोधला, म्हणाले.
संध्याकाळी डॉक्टरांकडे. हाड अपेक्षेपेक्षा फारच लवकर जुळतंय, म्हणाले.
यावर काही उपाय आहे का, विचारलं.