सात कोऱ्या तारखा

१४ सप्टेंबर १९९८, सोमवार

खिडकी चालली, संगणकाच्या पडद्यावरची चौकशीची खिडकी! काष्टीच्या गट कार्यालयात बसून तिकडच्या माणसानं एका शेतकऱ्याचा नोंद क्रमांक टाकला, आणि टेलिफोनच्या तारेवरून प्रश्न इकडे श्रीगोंद्याला साखर कारखान्यावर आला, उत्तर तिकडे गेलं. नाव, गाव, क्षेत्र, उसाच्या लागणीची तारीख, तोडीचा क्रम — पूर्ण तक्ता. चाळीस सेकंद लागले. मॉडेम मध्येच एकदा चिरकला, पण तार तुटली नाही.

आजवर एवढ्या चौकशीसाठी माणूस एस्टीनं श्रीगोंद्याला यायचा, आणि ऊस नोंदीचे गहिनीनाथ भाऊ जेवायला गेलेले असले की हात हलवत परत जायचा.

प्रशांत सर पुण्याच्या कंपनीचे, दर सोमवारी येतात. त्यांचं एकच पालुपद — "खिडकी एकच. मागं जुनं फॉक्सप्रो जोडा नाहीतर नवा सर्व्हर जोडा, समोरच्याला कळता कामा नये." ऐकून ऐकून मला पाठ झालंय. फॉक्सप्रो म्हणजे आमचा नोंदींचा जुना प्रोग्राम.

१६ सप्टेंबर

आईनं विचारलं, दिवसभर करतेस तरी काय? म्हटलं, आपल्या गल्लीतली गिरणी बघ. लाइट गेली की तो डिझेल इंजिनावर पट्टा चढवतो, दळण टाकणाऱ्याला पिठाशी कारण. आमचंही तसंच, इंजिन बदललं तरी पीठ तेच.

आई म्हणाली, "आन् डिझेलच्या पिठाला वास येतो त्याचं काय?"

हे प्रशांत सरांना विचारायला हवं.

२१ सप्टेंबर, सोमवार

तारीख ठरली. ९ नोव्हेंबरला शेतकी अधिकारी साहेबांपुढे चाचणी. अडतीस गावं, प्रत्येक गावाची तोडीची यादी एकदा जुन्या इंजिनातून काढायची, एकदा नव्यातून. एका ओळीचा फरक नको. जुळलं तर याच हंगामापासून नवा सर्व्हर, आणि छापील यादी प्रत्येक गावच्या चावडीवर. मग मी रोजंदारीवरून कायम. नाही जुळलं तर मशीन पुण्याला आणि भारतीबाई, म्हणजे मी, घरी!

२९ सप्टेंबर

एकवीस गावं जुळली. गहिनीनाथ भाऊ मधूनमधून डोकावतात. तीन वर्षं फॉक्सप्रोत नोंदी तेच भरतात, पण बटणं दाबतात पेनाच्या टोपणानं. बोट लावत नाहीत. निवृत्तीला आठ महिने राहिलेत. आज पेरू आणून दिला आणि म्हणाले, "तुजं नवं मशीन पेरू खातं का? न्हाई ना. मंग तूच खा."

६ ऑक्टोबर

एकतीस जुळली. सात जुळेनात. प्रत्येक गावात एकच नाव उड्या मारतंय — जुन्या यादीत सगळ्यात वर, नव्यात सगळ्यात खाली. बाकी सगळं सुतासारखं सरळ. डोकं उठलं.

७ ऑक्टोबर

सापडलं! त्या सात नोंदींत लागणीची तारीखच नाही. रकाना कोरा. ज्याची लागण आधी त्याची तोड आधी, हा नियम. जुनं इंजिन कोऱ्या तारखेला सगळ्यात जुनी समजून वर बसवतं, नवं तिला शेवटी ढकलतं. तक्ता एकच, प्रश्न एकच, उत्तरं उलटी.

हा भाऊंचा गलथानपणा. टोपणानं बटणं दाबल्यावर दुसरं काय होणार? उद्या कागदी रजिस्टर काढते.

८ ऑक्टोबर

रजिस्टरात सातही तारखा आहेत. भाऊंच्या त्या वळणदार अक्षरात, शाईनं, खाडाखोड नाही. मग मशीनमध्ये का नाहीत? असो. भरून टाकल्या. दोन्ही इंजिनं चालवली — अडतीसपैकी अडतीस! कँटीनमध्ये एकटीनं दोन प्लेट भजी खाल्ली.

१२ ऑक्टोबर, सोमवार

भाऊंनी नवी यादी बघितली. दुपारी "चहाला चल" म्हणाले, आणि चहा निवला तरी पेल्याला हात लावला नाही.

"त्या तारखा तू भरल्या?"

म्हटलं, हो, तुमच्याकडून राहिल्या होत्या.

"राहिल्या न्हाईत. ठिवल्या."

मग जे सांगितलं ते आठवेल तसं लिहिते. यादी पहिला आठवडाच चालते. मग ती गुंडाळून ठेवतात. मुकादमाला कोंबडं खाऊ घालणारा, तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयच्या दारात बसून राहणारा, त्याच्या फडात ऊसतोड्यांची टोळी आधी शिरते. "ज्याच्या घरात पळाया मानूस न्हाई, त्याचा ऊस चैतापर्यंत हुबा. वाळून पाचट हुतंय. मागं गहू न्हाई, जनावराला वाढं न्हाई."

मशीन आलं त्या साली आक्काबाई नावाच्या एका विधवेची तारीख टाकायची चुकून राहिली होती. यादी निघाली तर आक्काबाई सगळ्यात वर. साहेबांची सही झाली, टोळी गेली. "मशीन म्हनतंय म्हनल्यावर कोन बोलनार? मंग मी म्हनलं, चूक हाय तर चांगलीच हाय की."

पुढच्या साली सात तारखा कोऱ्या ठेवल्या. सहा विधवा, आणि एक मच्छिंद्र, त्याचा पाय कारखान्यात उसाच्या गव्हाणीत गेला. गावात एक, जास्त नाही. "लई केल्या आस्त्या तर डोळ्यावर आल्या आस्त्या."

मी उठून आले. फार राग आला आहे. त्यांचा की माझा ते कळत नाही.

१३ ऑक्टोबर

नोंदी म्हणजे नोंदी. एखाद्यानं चांगल्यासाठी खोट्या ठेवल्या तर उद्या दुसरा वाईटासाठी ठेवील. हे भाऊंना तोंडावर सांगितलं. "खरं हाय तुजं," म्हणाले. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

२५ ऑक्टोबर, रविवार

राहवलं नाही. एस्टीनं आक्काबाईच्या गावाला गेले. सत्तर गुंठे ऊस, एक म्हैस, घरात एकटी. कारखान्यातून आले म्हटल्यावर तिनं हातातलं काम टाकून चहा ठेवला. यंदा तोड कधी, हे तिनं विचारलंच नाही. मीच विचारलं, टोळीसाठी कुणाला सांगून ठेवलंय का?

"कुनाला सांगायचं? तीन सालं झाली, टोळी आपसूक येती. कारखान्याला माजी याद हाय, बाई."

गाडीत सगळा रस्ता मला रडू येत होतं. माझ्या यादीत ती तेविसावी आहे. तेविसावा नंबर म्हणजे मार्च, हे आता मलाही कळतं.

२६ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी लवकर जाऊन सातही तारखा पुन्हा कोऱ्या केल्या. मग नव्या इंजिनाला एक ओळ शिकवली — तारीख नसेल तर १ जानेवारी १९०१ धर. चालवून बघितलं. अडतीसपैकी अडतीस. दोन्ही इंजिनं आता एकच चूक एकसारखी करतात.

प्रशांत सरांनी ती ओळ बघून विचारलं, हे कशाला? म्हटलं, जुन्याशी जुळवायला. "व्हेरी गुड," म्हणाले. मी एक अक्षरही खोटं बोलले नाही. तरी कान तापले.

भाऊंना सांगितलं. त्यांनी पेन खिशाला लावलं, काढलं, परत लावलं. "तुला तरास झाला आसंल," एवढंच.

हे बरोबर केलं का? आत्ता तरी झोप छान येईल असं वाटतंय.

९ नोव्हेंबर, सोमवार

झालं! साहेबांनी स्वतः गावं निवडली, आणि मध्येच सर्व्हर काढून फॉक्सप्रो जोडायला लावलं. मिरजगावच्या गट कार्यालयात खिडकीपुढे बसलेल्याला पत्ताच नाही. याद्या ताडून बघितल्या, ओळीला ओळ. साहेब म्हणाले, "मुलगी हुशार आहे." भाऊ कोपऱ्यात उभे होते, स्वतःच्या मुलीचा निकाल लागल्यासारखे.

१२ नोव्हेंबर

आक्काबाईच्या फडात टोळी उतरली.

१६ नोव्हेंबर, सोमवार

कायम झाल्याची ऑर्डर! आईनं ती दोनदा वाचून घेतली, मग बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवली, मग पदरानं डोळे पुसले. संध्याकाळी गल्लीत पेढे वाटून आली आणि गिरणीवाल्यालाही "माजी लेक बी इंजिनाचंच काम करती" असं सांगून आली. आज मी फार सुखात आहे. लिहूनच ठेवते.

१८ नोव्हेंबर

अडतीस गावच्या चावड्यांवर याद्या लागल्या. आजवर ही यादी साहेबांच्या टेबलाबाहेर गेली नव्हती. गट कार्यालयातूनही लोक खिडकीत नंबर टाकून शेजाऱ्याचा तक्ता बघतात म्हणे. भरलेल्या-कोऱ्या सगळ्या रकान्यांसकट. आपण केलेलं काम माणसं उभी राहून वाचतात — बरं वाटलं.

मच्छिंद्रचा फड मोकळा झाला. सातांतले दोन राहिलेत.

२३ नोव्हेंबर, सोमवार

दुरुस्तीचे त्रेसष्ट अर्ज आले. सगळ्यांवर एकच मजकूर — माझ्या उसाच्या लागणीची तारीख चुकीची पडली आहे, ती काढून रकाना कोरा ठेवावा, ही विनंती.

सगळ्यात वरचा अर्ज एका संचालकांचा आहे.