पाचवा विद्यार्थी

बदलापूर, १९५८

चिरंजीव महिपती,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

विषय निवडायच्या दिवशी तू चामटोलीहून चालत आलास. "मास्तर, मना वकील व्हायचाय. जमिनीसाठी बापाचा अंगठा घेतला तो कागद इंग्रजीत व्हता. काय घेऊ, इंग्रजी का संस्कृत?" दोन्ही एकाच तासाला होते. मी म्हणालो, "साहेब गेला. आता कोर्ट मराठीत बोलेल. संस्कृत घे."

मला तसं खरंच वाटत होतं, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं हे, की पाच मुलं झाली नसती तर माझा संस्कृतचा तास बंद होणार होता, आणि चारच जमली होती. शिवाय तू श्लोक म्हणू लागलास की खिडकीबाहेरचं भात थांबून ऐकतंय असं मला वाटे.

इंग्रजी नाही म्हणून कॉलेजाने तुला दारातूनच परत पाठवलं. अंबरनाथच्या कारखान्यात लागलास.

काल कोर्टाचा इंग्रजीतला कागद घेऊन आलास. "मास्तर, वाचून दावा." मी वाचला. जमीन गेली होती. तरी तू पाया पडलास, "तुमी हाव म्हनून समजला" म्हणालास. मी पाय मागे घेतले नाहीत.

हे पत्र मराठीत आहे. तुझं तुला वाचता येईल, म्हणूनच टपालपेटीत टाकवत नाही.

तुझा मास्तर,
अनंत पेंढरकर